वही दुकानात, आपण घरात



घरी बसून दुकानाचा किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता येतो का, आणि ते आपल्या वयाच्या बाईला जमतं का, असं तीन-चार जणींनी मला विचारलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आहे. जोडणी करायला एक दुपार पुरते. ती कधी उघडायची आणि कधी मिटायची हे ठरवायला मात्र जास्त दिवस लागतात. म्हणून आज दोन्हींबद्दल लिहिते.

आधी आमची गरज काय होती ते सांगते. सांगलीत आमचं हळद, गूळ आणि डाळींचं घाऊक दुकान आहे. मी १९८१ साली बी.कॉम. झाले आणि दोन वर्षांनी लग्न होऊन या घरात आले. सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी खतावणी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “तेरीज जुळते का बघ.” तेव्हापासून दुपारी बारा ते चार मी दुकानात हिशोबाला बसते. रोजमेळ गेला, टॅली आली, २०१७ च्या जुलैपासून जीएसटी आला, पण माझी खुर्ची तीच राहिली. सासऱ्यांचा एक नियम होता. मी दुकानात जाऊन वही लिहायची, पण वही घरात आणायची नाही. वही घरात आली की जेवतानासुद्धा उधारीचंच बोलणं होतं, असं ते म्हणत.

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वय अठ्ठ्याऐंशी. ऑपरेशन झालं, पण नंतर कोणीतरी सतत जवळ हवं होतं. सूनबाई शाळेत शिकवते, हे आणि मुलगा दुकानात. म्हणजे घरी राहणारी मी, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मुलगा म्हणाला, “आई, एक अकाउंटंट ठेवू या. तू किती वर्षं करणार?” त्यानं ते मायेनंच विचारलं होतं. पण चाळीस वर्षं रोज चार तास ज्या आकड्यांत घालवले, ते एका वाक्यात दुसऱ्याकडे जाणार म्हटल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. अक्कांची सेवा करायची होती आणि कामही सोडायचं नव्हतं.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत असलेला माझा भाचा अक्कांना बघायला आला होता. त्याला मी विचारलं. त्यानं जे समजावलं ते इतकं सोपं आहे की तुम्हालाही तसंच सांगते. दुकानाच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचं चित्र इंटरनेटवरून आपल्या लॅपटॉपवर येतं, आणि आपण इकडे दाबलेली बटणं आणि हलवलेला माऊस तिकडे पोचतो. बस्स, एवढंच. टॅली तिथेच चालते आणि फाइलही तिथेच राहते. म्हणून घरचा लॅपटॉप जुना असला तरी भागतं. मात्र दुकानातलं इंटरनेट चांगलं हवं, आणि त्यातही अपलोडचा वेग, कारण चित्र तिकडून बाहेर पाठवायचं असतं.

कोणी म्हणेल, जीएसटीचं पोर्टल घरूनही उघडतं, मग हा खटाटोप कशाला? पोर्टल उघडतं, पण आकडे टॅलीत असतात आणि टॅली दुकानात. रोजच्या नोंदी करायच्या तर तिथं पोचायला हवं. टॅलीतच बाहेरून काम करण्याची एक सोय आहे, तिला टॅली सबस्क्रिप्शन चालू असावं लागतं. आम्हाला टॅलीबरोबर एक्सेलच्या याद्या आणि स्कॅन केलेली बिलंही बघायची होती, म्हणून अख्खा कॉम्प्युटरच घरून दिसेल असं केलं.

त्याचे दोन मार्ग आहेत. विंडोजमध्ये स्वतःचं ‘रिमोट डेस्कटॉप’ असतं, पण ज्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं त्यावर विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती लागते. ‘होम’ आवृत्तीतून दुसरीकडे जाता येतं, तिच्यात मात्र शिरता येत नाही. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’ उघडलं की आपली कोणती ते दिसतं. आमची होम निघाली.

प्रो असली तरी एक सावधगिरी हवी. रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला दरवाजा असतो, त्याला पोर्ट म्हणतात आणि त्याचा क्रमांक ३३८९ आहे. एखादा दुरुस्तीवाला म्हणतो, “राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, कुठूनही लावा.” नाही म्हणा. हा क्रमांक जगभर सगळ्यांना माहीत आहे आणि उघडे दरवाजे शोधणारे चोर रात्रंदिवस ते ठोठावत असतात. आत शिरले की फायली कुलूपबंद करून पैसे मागतात. हा मार्ग घ्यायचा तर आधी व्हीपीएन, म्हणजे बाहेरच्यांना न दिसणारी खासगी वाट, बसवून घ्यायची.

आम्ही दुसरा मार्ग घेतला, गूगलचं ‘क्रोम रिमोट डेस्कटॉप’. ते होम आवृत्तीवर चालतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. दुकानासाठी एक वेगळं गूगल खातं काढलं, म्हणजे माझी घरगुती मेल आणि नातवंडांचे फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडे पडायला नकोत. त्या खात्याला दोन टप्प्यांची तपासणी लावली. पासवर्ड दिल्यावर माझ्या फोनवर विचारणा येते, मी हो म्हटलं तरच खातं उघडतं. मग दुकानात क्रोम उघडून हा प्रोग्रॅम उतरवला, कॉम्प्युटरला नाव दिलं आणि पिन ठरवला. पिन कमीत कमी सहा आकडी लागतो. वाढदिवस, लग्नाची तारीख, दुकानाचा फोन नंबर असलं काही ठेवू नका. घरी लॅपटॉपवर त्याच खात्यानं शिरलं की कॉम्प्युटरचं नाव दिसतं. त्यावर टिचकी मारायची, पिन घालायचा, की समोर दुकान.

आता ज्या गोष्टी कोणी आधी सांगत नाही त्या. दुकानाचा कॉम्प्युटर चालू असेल तरच हे होतं. तो झोपी गेला की दार बंद. म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ करून ठेवायचं. पडदा बंद झाला तरी चालतो, मशीन जागं पाहिजे. वीज जाऊन आली की बरेच कॉम्प्युटर आपोआप सुरू होत नाहीत. तसं सुरू व्हावं अशी सोय बहुतेक मशीनच्या बायोसमध्ये असते, ती एकदा जाणत्याकडून लावून घ्या. यूपीएस कॉम्प्युटरला असतो, तसा इंटरनेटच्या राउटरलाही हवा.

छपाईचं एक गंमतशीर आहे. मी घरून बिल छापलं की कागद दुकानातल्या प्रिंटरमधून निघतो. आमच्या कामाला ते सोयीचंच आहे. दिवाणजी कागद उचलून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. घरी हवं असेल तर पीडीएफ करून घ्यायची.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही जोडणी म्हणजे बॅकअप नव्हे. वही दुकानातच आहे, आपल्याकडे फक्त तिचं चित्र. कृष्णेचं पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आमच्या सांगलीत किती चढलं ते तुम्हाला आठवत असेलच. पेठेत कमरेच्या वर पाणी असताना दुकानातल्या मशीनला घरून बघता येण्याचा काय उपयोग? आमचा सीपीयू तेव्हापासून माळ्यावर असतो. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर निघतो आणि मुलगा तो खिशात घालून घरी येतो. आठवड्यातून एकदा एक प्रत इंटरनेटवर ठेवतो.

फसवणुकीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेच साधन चोरांच्याही हातात आहे. “बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, हे अ‍ॅप टाका आणि त्यावरचा नंबर सांगा,” असा फोन आपल्यापैकी अनेकींना आला असेल. तो नंबर सांगणं म्हणजे मी जशी दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरते तसं त्याला आपल्या फोनमध्ये शिरू देणं. अशा एका अ‍ॅपच्या वापरातून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केलं होतं. त्या अ‍ॅपमध्ये खोट नसते, खोट बोलावणाऱ्याच्या हेतूत असते. जोडणी आपण मागून आपण बसवायची. कोणी फोन करून बसवायला सांगितली तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवायचं, जितकं लवकर तितकं बरं. मी तर बँकेचं काम या जोडणीतून करतच नाही.

इतकं सगळं बसवून झालं तेव्हा आमचे दिवाणजी बाजूला उभे होते. तीस वर्षं आमच्याकडे आहेत. त्यांनी हळूच विचारलं, “वहिनी, म्हणजे आता तुम्ही घरून सगळं बघणार का?”

प्रश्न साधा होता, पण त्यामागे काय होतं ते मला कळलं. पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता फिरू लागला की समोर बसलेल्या माणसाला कसं वाटेल? मी दुकानात खुर्चीवर असायची तेव्हा त्यांना मी दिसायची. आता मी त्यांना दिसणार नाही, ते मात्र मला दिसतील, निदान त्यांच्या हातचं काम तरी. तीस वर्षांच्या विश्वासाला हे शोभत नाही. आपल्या धर्मात अचौर्याचा अर्थ न दिलेलं न घेणं असा आहे, आणि दुसऱ्याचं काम त्याला नकळत न्याहाळणं मला तरी न दिलेलं घेण्यातच मोडतं असं वाटतं. मालक असलो म्हणून काय झालं. मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, “मी आधी फोन करीन. तुम्ही ‘या’ म्हणालात की येईन आणि काम झालं की ‘जाते’ म्हणून सांगेन.” त्यांचा चेहरा सैल झाला. आजही तसंच चालतं. दुपारी दोनला फोन, “दिवाणजी, येऊ का?” आणि तिकडून, “या वहिनी.”

अक्कांचा प्रश्न याहून अवघड होता. त्यांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन बसले की त्या बराच वेळ बघत राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांनी वही घरात येऊ दिली नाही. तू दुकानच आणलंस की.”

मी म्हटलं, “अक्का, वही तिथेच आहे. इथं नुसतं चित्र दिसतंय.”

त्या म्हणाल्या, “वही तिथं असू दे. तू कुठं आहेस?”

उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. ते मिळालं त्याच वर्षीच्या दशलक्षण पर्वात. पर्वात मंदिरात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात हे तुम्हाला माहीतच आहे. सातव्या दिवशी, उत्तम तपाच्या दिवशी, सातवा अध्याय येतो, व्रतांचा. सूनबाईंना सुट्टी होती, त्या अक्कांजवळ बसल्या आणि मी तासभर मंदिरात गेले.

त्या अध्यायात देशव्रत आहे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्यालाच देशावकाशिक म्हटलं आहे. दिग्व्रतात आपण जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घालतो. देशव्रतात त्या मर्यादेच्या आत आणखी लहान वर्तुळ काढायचं. आजचा दिवस मी या घराबाहेर जाणार नाही, किंवा या गल्लीबाहेर जाणार नाही, असं ठराविक काळासाठी. आणि मग त्याचे पाच अतिचार सांगितले आहेत, म्हणजे व्रत वरवर पाळूनही त्याला डाग लागतो ते प्रकार. आनयन, म्हणजे हद्दीबाहेरची वस्तू मागवून घेणं. प्रेष्यप्रयोग, म्हणजे आपण न जाता दुसऱ्याला पाठवून काम करवून घेणं. शब्दानुपात, म्हणजे खोकून-खाकरून बाहेरच्या माणसाला इशारा करणं. रूपानुपात, म्हणजे आपला चेहरा दाखवून, खुणा करून काम सांगणं. आणि पुद्गलक्षेप, म्हणजे खडा फेकून लक्ष वेधणं.

किती वर्षं मी हे ऐकत आले आहे. खडा फेकण्याचं आलं की आम्ही बायका एकमेकींकडे बघून हसायचो, असं कोण करतं म्हणून. त्या वर्षी मला हसू आलं नाही. पाचही प्रकार मी डोळ्यांपुढे मोजत होते. दुकानाचा पडदा घरात मागवायचा, हे आनयन. माझ्या जागी बाण पाठवून काम करवायचं, हे प्रेष्यप्रयोग. फोनवर ‘येऊ का’ हा शब्द. व्हिडिओ कॉलवर मालाचं पोतं बघून मान हलवली की रूप. आणि एंटरचं बटण म्हणजे खडाच की! दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात इंटरनेट कुठून असणार? पण माणूस उंबरा न ओलांडता बाहेर कसा पोचतो हे आचार्यांना पक्कं ठाऊक होतं. अक्कांनी विचारलं होतं तेही तेच.

आता घोळ होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. घरून काम करणं यात काही दोष आहे असं मी म्हणत नाही. व्यापार सचोटीनं करणं हा गृहस्थाचा धर्मच आहे, आणि या जोडणीमुळे माझं काम राहिलं आणि अक्कांची सेवाही झाली. अतिचार लागतो तो व्रत घेतल्यावर. ज्या दिवशी हद्द घातली नाही त्या दिवशी ती मोडण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्या अध्यायानं मला एक धडा दिला. पूर्वी दुकान आणि घर यांच्यात अर्ध्या तासाचा रस्ता होता, तो रस्ताच मर्यादा पाळायचा. चार वाजले की मी उठायची आणि दुकान मागे राहायचं. आता रस्ता उरला नाही, म्हणून मर्यादा मला स्वतःला घालावी लागते. नाहीतर रात्री आठला “आई, एवढी एकच नोंद बघ ना,” असं मुलगा म्हणतो, मीही बघते, आणि अक्कांचं पाय चेपून द्यायचं राहून जातं.

म्हणून आम्ही घरात बसून नियम केले. जोडणी दुपारी दोन ते चार, अक्का झोपतात तेव्हा. काम झालं की आधी दुकानाचा पडदा कुलूपबंद करायचा, मग जोडणी तोडायची, मग खात्यातून बाहेर पडायचं. लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटलं म्हणजे बाहेर पडलो असं समजायचं नाही. सूर्यास्तानंतर दुकान नाही. आणि अष्टमी, चतुर्दशी व पर्वाचे दहा दिवस जोडणी उघडायचीच नाही.

हा शेवटचा नियम ऐकून मुलगा चिंतेत पडला. “आई, तारखा?” त्याचं बरोबर होतं. आमचं रिटर्न दर महिन्याचं आहे, जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख आणि ३बी ची २०. पर्व होतं ८ ते १७ सप्टेंबर, म्हणजे ११ तारीख बरोबर मध्ये. हा नियम पर्व सुरू व्हायच्या आधीच झाला होता, त्यामुळे मी कामाला लागले. ऑगस्टची विक्री ६ सप्टेंबरपर्यंत पूर्ण करून जीएसटीआर-१ भरून टाकलं. खरेदीच्या करासाठी लागणारं २बी विवरण १४ तारखेला तयार होतं, त्याच्या आधी ३बी नीट करताच येत नाही. ते मी १८ तारखेला बघितलं, आकडे जुळवले आणि १९ ला भरलं. मधले दहा दिवस बिलं दिवाणजींनी दुकानात बसून केली. दुकान व्यवस्थित चाललं. आपण दहा दिवस नसलो तरी दुकान चालतं हे कळणं मनाला थोडं लागलं, पण अपरिग्रहाचा तोही एक पाठ आहे, असं मी स्वतःला समजावलं.

अक्का आता वॉकर धरून देवघरापर्यंत जातात. पुन्हा दुकानात जायचं का, असं हे विचारत होते. मी सध्या आठवड्यातून दोन दिवस जाते, बाकीचे दिवस घरून. आणि मैत्रिणींनो, तुम्ही ही सोय करणार असाल तर पिन ठरवायच्या आधी घरातल्या आणि दुकानातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि वेळ ठरवा. कोण उघडणार, किती वाजता, कोणाला सांगून आणि कोणत्या दिवशी नाही. ते एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. आमचा कागद देवघराच्या दाराशेजारी, अक्कांना पलंगावरून दिसेल असा लावला आहे. चार वाजून पाच मिनिटं झाली की त्या खाकरतात.